पहिल्या पंगतीचे अप्पा

खजुरीच्या चन्नवीर अप्पांनी आयुष्यात एकही लग्न चुकवलं नव्हतं. म्हणून लेकीच्या, चैत्राच्या लग्नासाठी मंगल कार्यालय शोधायला निघताना त्यांनी बायकोला, सुधारानीला बजावलं, "सुधा, तू गप ऱ्हा. यातलं मला कळतंय."

हुमनाबादच्या पहिल्याच कार्यालयात अप्पा तडक जेवणाच्या हॉलमध्ये शिरले. हात धुवायचे नळ किती, वाढपी कुठल्या टेबलाकडं आधी वळतो, सगळं त्यांनी मॅनेजरलाच समजावून सांगितलं. पुढच्या दोन कार्यालयांतही तेच.

चौथ्या ठिकाणी सुधारानी म्हणाली, "अहो, पण इथं अक्षता कुठं पडतेत?"

अप्पा गडबडले. इथं ते निदान पंधरा लग्नं जेवले होते. पण पहिली पंगत उरकून, पान तोंडात टाकून, अक्षता पडायच्या आत पुढच्या लग्नाला पळायचं, हा त्यांचा शिरस्ता. स्टेज कधी बघितलंच नव्हतं! 'लग्नं जेवलास, चन्नवीरा, बघितलं एकबी न्हाईस,' असं मनाशी म्हणत ते खो खो हसले.

"आता बघताल की," सुधारानी म्हणाली. "लेकीचा बाप शेवटच्या पंगतीला बसतोय."

मॅनेजरनं वरच्या मजल्यावर नेलं. रिकाम्या स्टेजवर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. यातली एक चैत्राची. अप्पांचं हसू तिथंच थांबलं.

खाली आल्यावर आचाऱ्यानं चवीला गव्हाच्या गरम, गोड हुग्गीची वाटी पुढं केली. अप्पांनी ती न चाखताच सुधारानीच्या हातात दिली.