धावड्याच्या मुठी

आयुष्यात मी एकाच माणसावर हात उचलला. त्याच्याच हाताखाली मी चार वर्षं काम केलं होतं.

बल्लारपूरला रेल्वे लाईनच्या पलीकडे त्याची पत्र्याची शेड होती. तिथे विजेच्या इस्त्र्या बनत. सगळे त्याला शेठ म्हणत, मीही म्हणायची. वडील खाणीत दगावल्यापासून आई आणि मला बाई म्हणणारी धाकटी बहीण माझ्याच पगारावर होत्या. माझं काम जुळणीचं. खाली लोखंडी तवा, त्यावर अभ्रकावर गुंडाळलेलं एलिमेंट, वर कव्हर आणि शेवटी दोन स्क्रूंनी मूठ. मुठी एक म्हातारा मिस्त्री खरादावर, लाकूड कातायच्या यंत्रावर, काढायचा. लाकूड धावड्याचं, आमच्याकडे कुऱ्हाडीला दांडा घालतात ते.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. एका उन्हाळ्यात शेठने नागपूरहून काळ्या प्लास्टिकच्या मुठींची पोती आणली. गुळगुळीत, चमकदार आणि लाकडापेक्षा कितीतरी स्वस्त. मिस्त्रीने त्यातली एक तापलेल्या इस्त्रीला लावली, थोडा वेळ थांबला आणि स्क्रूजवळ नख दाबलं. नखाची खूण उमटली.

"शेठ, इथी बोट लावून पाहा. नरम पडून राह्यली."

"घरी इस्त्री दहा मिनिटं चालते. काई होत नाई."

"टेलर दिवसभर चालवते. लाकूड जळाच्या आधी वास देते, माणूस सावध होते. हे काईच सांगत नाई."

मिस्त्रीने तयार केलेल्या मुठींची टोपली शेठने उचलली आणि बाहेर छपराला लावायचं डांबर तापवायला पेटवलेल्या चुलीत ओतली. मिस्त्री धावला, जाळात हात घालून मुठी काढायला लागला. शेठने त्याला मागून खेचलं आणि ढकलून दिलं. म्हातारा खरादाच्या कडेवर आपटला. कपाळ फुटलं, रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. "उद्यापासून येऊ नको," शेठ म्हणाला.

मी पाहिलं आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागले. मान वर केली नाही. मिस्त्री गमछा कपाळाला दाबून माझ्या टेबलाजवळून गेला, तेव्हाही नाही.

त्याच वर्षी बहिणीचं लग्न झालं. नवरा कोरपन्याचा टेलर. जवळच्या सिमेंट कारखान्यातल्या साहेबांचे कपडे तो शिवायचा. त्याच्याकडे कोळशाची जुनी इस्त्री होती. मी आहेरात विजेची दिली. शेडमधली सगळ्यात चमकदार मूठ निवडली आणि स्वतःच्या हाताने कसली.

चार महिन्यांनी निरोप आला, बहीण चंद्रपूरला दवाखान्यात आहे. मी गेले तेव्हा तिचा डावा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. हे झालं तेव्हा डाव्या हाताने शर्ट ताणून धरून ती उजव्या हाताने इस्त्री फिरवत होती. मूठ स्क्रूजवळ मऊ पडून एका बाजूने सुटली, आणि तापलेला तवा तिच्या पंजावर आडवा पडला. तिने हात ओढला तशी तव्याला चिकटलेली कातडी सोलून निघाली.

तिचा गालही सुजला होता. डोळ्याखाली चार बोटं स्पष्ट दिसत होती.

"हे कशानं?" मी विचारलं.

"शर्ट बी जळला ना, बाई."

नवरा दाराशी उभा होता. "सायबाचा नवा शर्ट होता," तो म्हणाला. "मले आधी तोच दिसला."

त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. पण ते स्क्रू मी कसले होते. माझा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले. शेठ माझ्याच टेबलाशी उभा राहून माल मोजत होता.

"शेठ, माह्या बहिणीचा हात गेला. मूठ सुटली."

त्याने वर पाहिलं नाही. "वापरता येत नसन तर घ्यावं काऊन?"

समोरची इस्त्री मी कधी उचलली ते मला आठवत नाही. तव्याची कड त्याच्या कानावर बसली तो आवाज आठवतो, ओली लाकडं फोडताना येतो तसा. तो टेबलावर पडला, उठला आणि टेबलावरचा पाना उचलून त्याने माझ्या तोंडावर मारला. माझे दोन दात जिभेवर आले. मग त्याने माझे केस धरले आणि माझं तोंड टेबलावर घासायला लागला. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त लागेपर्यंत सोडलं नाही. दोघा कामगारांनी आम्हाला ओढून वेगळं केलं.

मग मी हातोडा घेतला आणि फळीवरच्या इस्त्र्यांच्या मुठी एकेक करून फोडल्या. प्लास्टिकचे तुकडे पत्र्यावर ताडताड उडत होते. मला कुणी अडवलं नाही. शेठ कान धरून जमिनीवर बसला होता. बोटांमधून रक्त मानेवर येत होतं. तो मला घाबरला होता. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

त्याने तक्रार केली नाही. केली असती तर बहिणीचा हातही पोलिसांसमोर आला असता.

आठवड्याने मी मिस्त्रीच्या घरी गेले. तो अंगणात दांडे तासत होता. कपाळावर आडवा व्रण.

"त्या दिवशी तू पाहून राह्यली होती," तो म्हणाला.

"हो भाऊ. नोकरी जाईन म्हणून बोलली नाई."

त्याने हातातला दांडा तासून पूर्ण केला. मग बाजूचा पाट माझ्याकडे सरकवला. "बस."

त्याच अंगणात आम्ही काम सुरू केलं. जुन्या इस्त्र्यांना लाकडी मुठी बसवायच्या, पाणी तापवायची फुटलेली भांडी, शेगड्या दुरुस्त करायच्या. जिथे हात लागतो तिथे लाकूड, हा मिस्त्रीचा नियम. बहीण माझ्याकडे आली ती परत गेली नाही. तिची दोन बोटं कायमची आखडली. नवरा एकदा न्यायला आला आणि तिचा जळालेलाच हात धरून तिला फाटकाकडे ओढायला लागला. ती किंचाळली. मिस्त्रीने हातातला दांडा त्याच्या पोटरीवर असा घातला की तो लंगडतच स्टेशनवर गेला.

तीन वर्षांनी शेठ आमच्या अंगणात आला. मान एका बाजूला कलती. "मुठी पाहिजेत," तो म्हणाला. "लोकं माल वापस आणून देऊन राह्यले."

मी काहीतरी बोलले. त्याला ऐकू गेलं नाही. तेव्हा कळलं, माझी इस्त्री बसली होती तो कान कायमचा गेला होता. मी फिरून त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले. "पहिले मिस्त्रीची माफी मागा."

त्याने मागितली, जमिनीकडे पाहत. मिस्त्री फक्त म्हणाला, "किती पाहिजेत?"

शेठ गेल्यावर बहिणीने विचारलं, "बाई, तू नाई मागितली माफी?"

"नाई," मी म्हणाले.

शेठ वारूनही आता बरीच वर्षं झाली. तो कान माझ्यामुळे गेला, हे मला ठाऊक आहे. माफी मागावी असं तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.