काडी आणि दीड काडी

बेलापूरच्या आमच्या घरी पप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जुनी विलायती सायकल आहे. चर्चला जाताना सासूबाई तिच्या कॅरियरवर बसायच्या. त्या गेल्या आणि सायकल पडवीत फाटक्या टायरांवर उभी राहिली. दर रविवारी कबरीवर फुलं न्यायला पप्पांना मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसावं लागे. "पोत्यासारखं नेऊन उतरवतो मला," म्हणायचे.

त्यात आमच्या ह्यांनी भंडारदऱ्याच्या एका हॉटेलवाल्याला परस्पर शब्द दिला. त्याला जुनी सायकल भिंतीवर टांगायला हवी होती आणि रविवारी त्याचा टेम्पो येणार होता. मला असा राग आला! पप्पा मात्र एवढंच म्हणाले, "तवर टायर बसला, तर सायकल जायची न्हाई."

बापाचं मन राखायला ह्यांनी सव्वीसचे टायर आणले. चढेचनात. नंबर एकच असला तरी घेर वेगवेगळे; सव्वीस नंबरातही भाऊबंदकी असते, हे मला तेव्हा कळलं. मग दुसरे आणले. ते चढले, पण चांगले गुबगुबीत होते. पप्पांनी अंगणात एक वळण घेतलं आणि उतरले.

"डुलतोय. रिम अरुंद हाय, एवढं अंग तिला सावरत न्हाई."

"पप्पा, तुमचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं," म्हणून हे निघून गेले.

शनिवारी पप्पांनी ज्वारीच्या धांड्याच्या दोन काड्या कापल्या. एक रिमच्या आतल्या रुंदीएवढी, दुसरी तिच्या दीडपट. घेर जुळवायला जुना टायर खांद्यावर टाकला आणि आम्ही दोघं श्रीरामपूरला गेलो. पहिली काडी टायरच्या तोंडात धरायची, दुसरीने त्याचं पोट मोजायचं. दुकानदार हसत होते, पप्पांना त्याचं काही नव्हतं. "जाड घेतला तर डुलतो, बारीक घेतला तर खड्ड्यात रिम मार खाती," मला समजावत होते. शेवटी एका दुकानात छताला टांगलेली धुळकट जोडी दोन्ही काड्यांना उतरली. रबर वाकवून, भेगा नाहीत ना ते बघूनच त्यांनी ती घेतली.

संध्याकाळी साबणाचं पाणी लावून टायर चढवले, अर्धी हवा भरली. चाक फिरवून ते टायरच्या कडेची बारीक रेघ बघत बसले. टायर सगळीकडे सारखा बसावा म्हणून, जिथे रेघ रिममध्ये बुडे, तिथे अंगठ्यांनी दाबून वर काढत. पुन्हा फिरवत. मी पंप धरून नुसती बघत राहिले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण पप्पांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

रविवारी टेम्पो आला तेव्हा पडवी रिकामी होती. हे तोंडाला येईल ते बोलणार, म्हणून मी पदर खोचून तयारच होते. तेवढ्यात चर्चच्या रस्त्याने पप्पा आले, ताठ बसून, वळणावर जराही न डुलता. कॅरियरवर शेवंती बांधून नेलेली सुतळी तेवढी उरली होती.

हे बराच वेळ त्या कॅरियरकडे बघत राहिले. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "न्हाई देता यायची, दादा. मम्मीची जागा हाय तिच्यावर."