शंभर टक्के निकाल
जवळा भाजायला घेतला की घरभर जो वास सुटतो, तसाच वास ऐंशी सालाच्या आसपास बहरीनला, मनामाच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन बहिणींच्या डब्याला यायचा. त्यांची आई मलेशियाची. आजोळी कॉलेजला जायचं तर मुलींना मलय भाषेची शालेय परीक्षा पास व्हायला हवी होती. मी त्यांच्याच शाळेत शिक्षिका; माझ्या वडिलांच्या नोकरीमुळे माझं बालपण मलेशियातल्या पेनांगला गेलेलं, म्हणून शाळा सुटल्यावर वर्षभर मीच त्यांना शिकवलं. एसीच्या घरघरीत दोघी माना खाली घालून निबंध लिहायच्या. परीक्षेसाठी नावं पाठवायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला उभंच ठेवलं. "बाई, आपला निकाल शंभर टक्के असतो. ह्या दोघी नापास झाल्या तर? विषय खलास." कच्च्या मुलांना परीक्षेलाच न बसवता ते शंभर टक्के यायचे, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. मी दुसऱ्या शाळेच्या हातापाया पडून नावं तिथून पाठवली. दोघी पहिल्या श्रेणीत आल्या, तसा हाच गृहस्थ स्नेहसंमेलनात त्यांना स्टेजवर उभं करून म्हणाला, "ह्या आमच्या शाळेच्या मुली. मलयमध्ये दोन शब्द बोला." थोरली गोड हसून मलयमध्ये म्हणाली, "ह्या माणसाने आम्हाला परीक्षेला बसू दिलं नव्हतं." सभागृहात ते कळलं फक्त तिच्या आईला आणि मला. त्याने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या आणि माईक तिच्या आणखी जवळ नेला. "परत एकदा, जोरात." तिने जोरात सांगितलं. आता जवळा भाजताना ते वाक्य मीही मोठ्याने म्हणते.