मशीन बंद, पंखा बंद

नांदेडात ब्लाउज शिवायला मी रजियाकडंच जाते. तरुणपणी तापात तिचे कान गेले. मग ऑपरेशन करून कानात ऐकायचं यंत्र बसवलं. आता कानामागं त्याचा बाहेरचा भाग असतो आणि डोक्याला चुंबकानं चिकटलेली चकती. नवी बाई आली की हटकून त्या चकतीला तोंड लावून ओरडते. रजिया वैतागते. "माइक हाय का तो? आवाज येतो मला. पण मशीन, पंखा अन् तुम्ही सगळ्या, सगळ्याचा काला होतो. समोर बसा, एकेकीनं बोला."

ऑपरेशननंतर सुरुवातीला तर माणसांचं बोलणं तिला पत्र्यावर खडे पडल्यासारखं यायचं. अम्मीचा आवाज ओळखायलाही महिने लागले.

परवा माझ्यासोबत शेजारच्या सिंधुताई आल्या. रजियानं मशीन थांबवली, पंखा बंद केला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "हां, बोला." बाह्यांचं माप राहिलं बाजूला, ताईंनी घरचं सगळं गाऱ्हाणं काढलं. उकाड्यानं माझा जीव चाललेला. "उरका की आता," मी म्हटलं.

"थांब गं," ताई म्हणाल्या. "मी बोलून राहिले म्हणून कुणी हातातलं काम थांबवलं, हे लग्नापासून पहिल्यांदाच बघून राहिले."