अंबूबाईंच्या घराचा पाया

परतूरच्या अंबूबाईंचं घर मी बांधलं, हे आमच्या खात्यात आणि नातेवाइकांत सगळ्यांना माहीत आहे. त्या घराच्या पायाची हकीगत मात्र मी कधीच पूर्ण सांगितली नाही. कोणी खोलात विचारायला लागलं की विषय बदलायचो. असं पन्नासेक वर्षं केलं. आता ऐंशी उलटली आहे, म्हणून लिहून ठेवतो.

पायाचा चर चार फूट खाली गेला होता आणि तळाला अजून काळी मातीच होती. यल्लप्पा वडारानं पहार बाजूला ठेवली आणि चरातून वर बघत म्हणाला, "सायेब, इथं थांबू नका. मुरूम नऊ फुटांवर हाय."

ही दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. राज्य निजामाचं होतं. मी तामिरात खात्यात, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात, ओव्हरसियरचा उमेदवार होतो. रस्त्यांची कामं बंद पडली होती, त्यामुळे खासगी कामं बघत होतो. अंबूबाई विधवा होत्या. जिनिंग फॅक्टरीच्या कामगारांसाठी खानावळ चालवायच्या. जागा भाड्याची, आणि मालकानं दिवाळीपर्यंत ती रिकामी करायला सांगितली होती. सोळा वर्षं भाकरी थापून त्यांनी बाराशे हाली, म्हणजे निजामी चलनाचे, रुपये जमवले होते. त्यात त्यांना सात खणांचं घर हवं होतं. पुढे खानावळ, मागे राहायला. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. तेव्हा घर फुटांत नाही, खणांत मोजायचे. दिवाळीच्या आत घर झालं नाही तर खानावळ बंद, आणि दुसरी मिळकत त्यांना नव्हती.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातहात भेगा पडतात. तिच्यावर बसलेली भिंतही तिच्याबरोबर वरखाली होते. मुरूम म्हणजे खालचा पिवळट, कच्चा दगड. तो जागचा हलत नाही. पाया मुरमावर टेकावा हे मीही शिकलो होतो. पण बैठ्या घराला चार फूट पाया धरायचा आमच्याकडे रिवाज होता आणि माझं एस्टिमेट त्यावरच बेतलेलं होतं.

शिवाय वडाराची मजुरी ब्रासवर असते. शंभर घनफूट माती काढली की एक ब्रास. जितकं खोल, तितके ब्रास, तितका पैसा. माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं.

"नऊ फूट? का रे, पोरीचं लग्न काढलंस का?" मी विचारलं.

वर उभे असलेले गवंडी हसले.

"लगीन न्हाई सायेब. मातीचं सांगून राह्यलो."

"मातीचं नाही, ब्रासचं सांगतोस. विधवा बाई बघून खड्डा वाढवतोस."

हे मी अंबूबाईंच्या देखत बोललो. त्यांना म्हणालो, "मी टेप लावल्याशिवाय याला एक पैसा देऊ नका." यल्लप्पा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा होता. त्यानं पहार खांद्यावर घेतली आणि लिंबाखाली जाऊन बसला.

अंबूबाईंनी मात्र यल्लप्पाचं म्हणणं कानाआड केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "चला दत्तूभाऊ, तुमाला एक गंमत दाखविते."

त्यांच्याच गल्लीत एका आडत्यानं आदल्या साली गोदाम बांधलं होतं. त्याच्या कोपऱ्याला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती.

"घाला हात," त्या म्हणाल्या.

माझा हात मनगटापर्यंत आत गेला. दारात मुनीम बसला होता. त्याला विचारलं, "पाया किती घेतला होता?"

"चार फूट. बराबर सरकारी मापानं," तो अभिमानानं म्हणाला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग? नऊ फूट घ्यायचं का?"

मी घरी येऊन हिशेब मांडला. लोकांना वाटतं, पाया खोल गेला की खोदाई वाढते. खोदाई स्वस्त असते. खोदलेलं दगड-चुन्यानं भरावं लागतं, खर्च तिथे होतो. नऊ फुटांचा पाया घेतला तर सातशेच्या वर रुपये जमिनीखालीच जात होते. उरलेल्या पैशांत भिंती कशाबशा कमरेएवढ्या झाल्या असत्या.

"म्हंजी मी राहू कुठं? पायात?" अंबूबाईंनी विचारलं.

दोन दिवस काम बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी साइटवर गेलो तर यल्लप्पा एकटाच चरात ढासळलेली माती काढत होता. मी काठावर बसलो. तो काम न थांबवता म्हणाला, "सायेब, चर समदा खाली कशाला न्यायचा? कोपऱ्याकोपऱ्याला हीर घ्या."

"विहीर?"

"तसा खड्डा. मुरमापत्तूर. त्यात दगडाचा खांब भरा. दोन खांबांच्या मधी कमान टाका. मोटंचं पाणी पडतं त्या थारोळ्याखाली अस्ती, तशी. भित कमानीवर बसंल, कमान खांबावर, खांब मुरमावर. मधली माती फुगू द्या न्हाईतर वाळू द्या. तिचा आन् भितीचा संबंदच न्हाई."

एवढं बोलून त्यानं पहारीच्या टोकानं मातीत आकृती काढून दाखवली. मी खिशातली वही काढली. नऊ खड्डे लागत होते. नऊ फुटांचा पूर्ण चर खणला असता तर छत्तीस ब्रास माती निघाली असती; या पद्धतीनं ती अठरावर येत होती. दगड-चुन्याचा खर्चही जवळजवळ निम्मा होत होता. बाईंचं घर बसत होतं.

मग ध्यानात आलं की या माणसानं स्वतःची मजुरीही निम्मी करून टाकली होती. ब्रास वाढवतो म्हणून ज्याला मी चारचौघांत हिणवलं, तोच ब्रास घटवायची युक्ती सांगत होता. बोलायची वेळ तीच होती. मी "बघू" म्हणालो आणि उठलो.

संध्याकाळी स्वच्छ ड्रॉइंग काढून अंबूबाईंसमोर ठेवलं. त्यांनी नीट समजून घेतलं. कमानीवर बोट फिरवत म्हणाल्या, "हे तुमच्या डोक्यात आलं?"

"हो."

"मंग त्या वडाराला समदा चर खाली कशाला न्यायचा व्हता?"

"त्याला काय," मी म्हणालो, "त्याला ब्रास पाहिजेत."

काम मात्र झकास झालं, ते सांगायलाच हवं. आठवड्यात खड्डे झाले. प्रत्येक खड्ड्याच्या तळाला यल्लप्पानं पहार मारून मुरमाचा खणखणीत आवाज मला ऐकवला. बाईंनी प्रत्येक खड्ड्याला स्वतः टेप लावला. ते माझ्याच सांगण्यावरून. सिमेंट परमिटशिवाय मिळत नव्हतं, म्हणून सगळं चुन्यात केलं. चुना आठ दिवस भिजवून दगडी चाकाच्या घाण्यात बैलानं मळून घेतला. फॅक्टरीतल्या मोडीत काढलेल्या शेडच्या सागवानी तुळया बाईंनी घासाघीस करून निम्म्या भावात आणल्या. जोत्यापासून खिडकीपर्यंत पक्की वीट, वर कच्ची. माडी पुढे कधीतरी. चौकटींवर नक्षी नाही. ज्यावर घर उभं राहतं आणि जिथून पाणी शिरतं, त्या दोन ठिकाणी आम्ही पैशाकडे बघितलं नाही. बाकी सगळीकडे बघितलं. छताच्या माळवदावर पांढरी माती चढली तेव्हा दिवाळीला आठ दिवस होते आणि बाईंच्या डब्यात सदुसष्ट रुपये शिल्लक होते.

वास्तुशांतीला त्यांनी मला पागोटं बांधलं. गल्लीतली माणसं बघायला आली होती. पाया खणणाऱ्याला नवं धोतर आणि नारळ द्यायची आमच्याकडे रीत आहे. यल्लप्पाला नारळ मिळाला. "लबाडाला धोतर कशाला?" बाई मला हळूच म्हणाल्या. तो दाराबाहेर उभा होता. त्यानं ऐकलं असावं. मी पागोटं सावरलं.

दोन उन्हाळे गेले. गल्लीतल्या नव्या घरांच्या भिंती तडकल्या. अंबूबाईंच्या घराला केसाएवढी भेग नव्हती. हे ऐकून आमचे मोहतमीम, म्हणजे आजच्या भाषेत एक्झिक्युटिव्ह इंजिनियर, दौऱ्यावर असताना मुद्दाम घर बघायला आले. भिंतीला ओळंबा लावून बघितला. मग मला विचारलं, "ये कमान का खयाल किसका था?"

"मेरा, साहब."

महिनाभरात मी कायम झालो. पुढे काळ्या मातीतल्या कितीतरी इमारतींना मी तसाच पाया दिला. एकही तडकली नाही. खात्यात तरुण पोरं त्या पद्धतीला माझ्या नावानं ओळखायची.

सल्ला देणाऱ्याला त्यातून काय मिळतं ते आधी बघावं, असं मला शिकवलं होतं. शिकवण चूक नाही. पण बघायचं तर शेवटपर्यंत बघावं. मी अर्ध्यावर थांबलो, कारण तिथे थांबणं माझ्या सोयीचं होतं.

दहाएक वर्षांनी तीर्थपुरीकडे एका विहिरीच्या कामावर यल्लप्पा दिसला. वडारांची पालं बाजूलाच होती. त्यानंच मला आधी ओळखलं.

"सायेब, त्या बाईचं घर कसं हाय?"

"उभं आहे. एक भेग नाही."

तो मोकळा हसला. विहिरीत उतरलेल्यांना वाकून तेलुगूत काहीतरी सांगितलं. तेही वर बघून हसले. मला बसायला दगड झटकून दिला आणि बायकोला चहा ठेवायला लावला. मी तीनदा बोलायला तोंड उघडलं. एकदा चुन्याचा भाव विचारला. एकदा मुलं किती ते विचारलं. निघताना म्हणालो, "यल्लप्पा, त्या वेळी मी..."

"बोला की सायेब."

"इथं पाणी लागेल का रे?"

"लागंल की," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मनाशी ठरवून परत गेलो. विहिरीला पाणी लागलं होतं आणि पालं उठली होती. कुठे गेली ते गावात कोणाला सांगता आलं नाही. नंतर दोनदा चौकशी केली, पत्ता लागला नाही.

म्हणायचं होतं ते फार नव्हतं. यल्लप्पा, तू लबाड नव्हतास. त्या बाईसमोर मी खोटं बोललो, आणि साहेबांसमोर पुन्हा बोललो. मला माफ कर.