सत्यभामाबाईचा दुसरा हेलपाटा

रोहिणखेडच्या सत्यभामाबाईले आजारी म्हणून कोणी कधी पाह्यलं नव्हतं. वय साठीले टेकलेलं. बारा-पंधरा बाया घेऊन कापूस वेचाले जाणारी मुकादमीण. कोणत्या बाईनं पराटीत बोंडं मागं सोडली, हे तिले वावराच्या कडेले, धुऱ्यावरून दिसे. यंदा ऐन वेचणीत ह्या बाईच्या मागं दवाखाना लागला, अन् दुखत तं काहीच नव्हतं.

झालं असं, की गावात तपासणीवाले आले. पंचेचाळीसच्या वरच्या लोकायले एकेक डबी वाटली. शौचाचा कण काडीनं डबीत टाकायचा. डोळ्याले न दिसणारं रक्त असलं तं त्यात कळते. बाया पदर तोंडाले लावून हसल्या. सत्यभामाबाईनं सून अश्विनीच्या धाकानं डबी भरून दिली. आठ दिवसांनी निरोप आला, रक्त निघालं, बुलढाण्याले जाऊन कॅमेऱ्याच्या नळीनं आतडं पाहून घ्या.

"क्यान्सर हाये का?" नवरा शालिग्रामनं दवाखान्यात सरळच इचारलं.

डॉक्टर तरणा होता, पण घाईत नव्हता. "असं रक्त निघालेल्या शंभरात चार-पाच जणांना कॅन्सर सापडतो. बऱ्याच जणांत मसासारखे कोंब असतात, ते तिथंच काढता येतात. बाकीच्यांत काहीच नसतं. नळीचाही धोका आहे. हजारात एखाद्याच्या आतड्याला भोक पडतं, कोंब काढला तर रक्त जाऊ शकतं. तरी रक्त निघाल्यावर न पाहणं हा मला जास्त मोठा धोका वाटतो."

"म्हंजे शंभरातल्या पंच्यान्नव जनी उगाच नळी घालून घेतात," सत्यभामाबाई म्हणाली.

"कोणत्या पंच्याण्णव, ते आधी कळत नाही ना, बाई."

नळीच्या आधी आतडं साफ कराले जुलाबाचं औषध पाण्यात कालवून प्यायचं होतं. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. संध्याकाळचं तिनं पेलं. नळ आठव्या दिवशी येतो. संडासातला ड्रम रिकामा झाला, अश्विनीले शेजारून दोन गुंड पाणी मागावं लागलं. पहाटेचं औषध हातात घेतलं अन् सत्यभामाबाईच्या डोळ्यापुढं यष्टी उभी राह्यली. मोताळ्याले गाडी बदलायची, मंग राजूरचा घाट. घाटात पोट सुटलं तं कंडक्टरले काय सांगायचं? तिनं औषध बाटलीत भरलं, बूच लावलं, पिशवीत ठेवलं. दवाखान्यात नर्सनं इचारलं तं म्हणाली, पेली.

नळी थोडी आत गेली अन् डॉक्टरनं बाहेर काढली. "काहीच दिसत नाही. सकाळचं औषध खरंच घेतलं होतं?"

बाईनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "सांडू नाही देल्ली, डाक्टरसाहेब."

पुन्हा यावं लागणार होतं. गाडीभाडं गेलं, वेचणीचे दोन दिवस गेले, त्यात तिच्या चार बाया दुसऱ्या मुकादमिणीकडं गेल्या. घरी आली तं अंगात उभं राहाचं बळ नव्हतं.

"जाऊ दे न वं आता," शालिग्राम म्हणाला. "दुखत नाही, खुपत नाही. बिना दुखन्याचं मानूस दवाखान्यात जाते काय?"

"दुखाले लागल्यावर जाऊन काय उपेग, मामाजी?" अश्विनी चुलीपासून बोलली.

"नळी तुमा दोघाच्या आतड्यात जाऊन राह्यली का?" सत्यभामाबाई भिंतीले टेकून म्हणाली. "चुप बसा."

दोन आठवडे ती वेचणीले जात राह्यली. वेचता वेचता हात थांबे, मंग पुन्हा चाले. मोठा भेव नळीचा नव्हताच. पुन्हा तसं थकायचं, अन् पुन्हा काहीच नाही कळायचं, याचा होता. पण चार-पाचात आपण असलो तं, हे काही डोक्यातून जाईना. एका सकाळी तिनं लुगडं पिशवीत घातलं. यावेळी आदल्या दिवशीच बुलढाण्याले गेली, बहिणीच्या लेकीकडं, सुचिताकडं. तिच्याकडं पाण्याची टाकी होती, अन् दवाखान्यात जाले घाट चढाचा नव्हता. औषध सगळं पेली, शिव्या देत देत.

दोन कोंब निघाले, डॉक्टरनं तिथंच काढून तपासाले पाठवले. दहा दिवसांनी ती रिपोर्ट घ्याले गेली. कॅन्सर नव्हता, पण कोंब पुढं बिघडू शकणाऱ्या जातीचे होते. तीन वर्षांनी पुन्हा नळी.

"काढले नसते तं झाला असता का?" तिनं इचारलं.

"सांगता येत नाही. बहुतेक कोंब तसेच राहतात, काही बिघडतात."

"म्हंजे मी वाचली का उगाच हैरान झाली, हे तुमाले बी माहीत नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाला.

सांजच्यापारी गावात उतरली तं टोळीतल्या बाया पारावर बसल्या होत्या. "काय निघालं वं बाई?"

"काही नाही."

"मंग दोनदा नळी काहाले घालून घेतली?"

डॉक्टरचं सगळं सांगायचं म्हटलं तं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"उद्या सातले वेचाले निघाचं," म्हणाली, अन् घराकडं चालू लागली.