सायलीच्या फळ्याचा फोटो

या वेळचा प्रवास सदाशिव पेठेतून पाषाणच्या पलीकडे, जेमतेम बारा किलोमीटरचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फार नाही.

सायली, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तिकडच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. विषय कूटशास्त्र. म्हणजे आपले बँकेचे व्यवहार, निरोप, पासवर्ड ज्या गणिती कुलपांत बंद असतात, त्या कुलपांचा अभ्यास. संस्थेत दोन दिवसांची कार्यशाळा होती आणि पहिल्या दिवशी बाहेरच्यांनाही प्रवेश होता. मी चाळीस वर्षांपूर्वी गणितात बी.एस्सी. केलं आणि मग जन्मभर विमा कचेरीत लोकांचे अर्ज तपासले. मी येणार म्हणून कळवून टाकलं.

"ये ना, मावशी. फक्त फळ्यांचे फोटो काढू नकोस हं. अर्धवट काम लिहिलेलं असतं."

"नियम मला शिकवू नकोस," मी म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी: मनपाच्या थांब्यावरून पाषाणची बस घ्यावी, रिक्षा नको. विद्यापीठ चौकात दोन्ही सारख्याच उभ्या राहतात, बसमध्ये निदान मीटर पळत नाही. सव्वा तास धरून निघावं. फाटकावर आधार कार्ड दाखवावं लागतं. सभागृहात गारठा असतो, शाल न्यावी. कॅन्टीनची थाळी ऐंशी रुपयांत, आमटी पातळ, पोळ्या मात्र गरम.

पहिलं व्याख्यान मला चक्क समजलं. शाळेत आपण दोन समीकरणांवरून दोन अज्ञात संख्या काढायचो. आता अज्ञात संख्या शेकडो करा आणि प्रत्येक समीकरणाच्या उत्तरात मुद्दाम थोडी चूक मिसळा. झालं, सोपं गणित भयंकर अवघड होतं. पुढेमागे मोठे क्वांटम संगणक आले तर आजची बरीच कुलपं उघडतील, म्हणून नवी कुलपं या कोड्यावर बांधतात. हे कोडं खरोखर अवघड आहे हे मात्र कुणीच सिद्ध केलेलं नाही. एवढंच सिद्ध करतात, की जो कुलूप फोडेल त्याला कोडंही सुटेल. इतक्या मोठ्या माणसांनी "आम्हाला माहीत नाही" असं माईकवरून सांगितलेलं मी प्रथमच ऐकलं.

माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी फोन वर केला. "अहो, दारावर फोटो काढू नका म्हणून लिहिलंय. वाचता येतं ना आपल्याला?" मी म्हटलं. त्यांनी मुकाट्याने फोन खिशात घातला. मला बरं वाटलं होतं.

दुपारी चहाच्या वेळी सायली मला तिच्या खोलीत घेऊन गेली. भिंतभर फळा होता. चार वर्षं ती एकाच प्रश्नामागे होती: चूक किती लहान ठेवली तरी कुलूप टिकतं? आता तिला एक युक्ती सापडली होती, लिहून व्हायला महिना लागणार होता. बोलताना तिचे हात खडूने पांढरे झाले होते आणि चेहरा असा, की तिच्या आईने बघायला हवा होता. "जरा इकडे बघ," म्हणत मी फोटो काढला.

"मावशी!"

"फळ्याचा नाही, तुझा काढलाय."

ती हसली. फोटो घरच्यांसाठी आहे, असं तिला वाटलं. मी संध्याकाळी सात वाजता तो याच ब्लॉगवर टाकला. खाली लिहिलं, "फळ्यावरचं कळत नाही, पण भाची माझी आहे." तासाभरात शंभराच्या वर लोकांना आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायलीचा फोन आला. "तू तो फोटो टाकलास?"

"छान आलाय ना?"

"मोठा करून बघितला तर सगळ्या ओळी वाचता येतात, मावशी."

मी तीच बस पकडून पुन्हा गेले. तिचे मार्गदर्शक खोलीतच होते. कार्यशाळेतल्या कुणीतरी कौतुकाने तो फोटो पुढे पाठवला होता. परदेशात याच प्रश्नावर काम करणारा एक गट आहे, त्यांचं पत्र सकाळी ईमेलने आलं होतं. पत्र अगदी सभ्य होतं. आम्ही नेमके याच पायरीवर अडलो होतो, आता पुढचं जमेल असं दिसतं, आमचा शोधनिबंध लवकरच येईल.

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "एवढं लपवायचं होतं, तर भिंतीवर कशाला लिहिलंत?"

मार्गदर्शक हळूच म्हणाले, "बाई, लिहिल्याशिवाय आम्हाला विचार करता येत नाही."

सायली खिडकीबाहेर बघत होती. मी फोन काढला, पोस्ट पुसायला.

"काढू नकोस!" ती ओरडली. "आता त्याच्यावर तारीख आहे. माझा निबंध अजून कुठेच नाहीये. ही युक्ती काल माझ्या फळ्यावर होती, याचा बाहेरचा पुरावा फक्त तुझा ब्लॉग आहे. हातसुद्धा लावू नकोस. एक अक्षर बदललंस तरी लोक विचारतील, काय बदललं म्हणून."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही.

त्या गटाचा निबंध तीन आठवड्यांत प्रसिद्ध झाला. माणसं प्रामाणिक निघाली. महत्त्वाची पायरी प्रथम सायलीच्या फळ्यावर दिसली, असं त्यांनी तळटीपेत नोंदवलं आणि माझ्या ब्लॉगचा पत्ता दिला. सायलीचा निबंध नंतर आला. त्यांनी न सोडवलेला तेवढा भाग त्यात आहे. चार वर्षांचं काम दुसऱ्याच्या पानाखाली दोन ओळींत मावलं.

ती पोस्ट अजून तशीच आहे. जगभरचे गणिती तिथे येऊन जातात. खाली आपल्या नेहमीच्या वाचकांचे अभिप्राय आहेत: "किती गोड!", "मावशी असावी तर अशी." मला तिथे एक शब्द लिहिता येत नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे. सायलीने वाचून होकार दिला, मगच टाकते आहे. फोटो काढू नको असं तिने मला आधीच सांगितलं होतं, हे तिने स्वतः कुणाला सांगितलेलं नाही. ते मी सांगते.

सायली अजूनही रविवारी जेवायला येते. पूर्वी पानावरून उठली की वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडून मला तिचं काम समजावायची. परवा मी विचारलं, "सध्या काय चाललंय?"

"चाललंय, मावशी," ती म्हणाली, आणि ताटं उचलून आत घेऊन गेली.